प्रोजेक्टर लावला, पण कशासाठी?

बी.एड.च्या पाठ टाचणात ‘शैक्षणिक साधने’ असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात खडू, फळा, तक्ता, प्रतिकृती अशी यादी यायची. आता पीपीटी, व्हिडिओ, स्मार्ट टीव्ही येतात. सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक तो रकाना बघतात, भिंतीवर काही उमटलंय का ते बघतात आणि तंत्रज्ञानाच्या वापराचे गुण टाकतात. पुढच्या पाठाला छात्राध्यापिका आणखी रंगीत, आणखी हलत्या स्लाइड करून आणते. ही स्लाइड नसती तर मुलांचं नेमकं काय अडलं असतं, हे तिला सहसा कोणी विचारत नाही. रकाना भरलेला असतो, पाठ वेळेत संपलेला असतो आणि बाहेर पुढची छात्राध्यापिका पेन ड्राइव्ह घेऊन उभी असते.

या मुलीबद्दल महाविद्यालयांचं एक मत ठरून गेलेलं आहे. हिला तंत्रज्ञान काय शिकवायचं, हीच आपल्याला शिकवील, असं ते मत. आज बी.एड. करणाऱ्या अनेकींची बारावीची किंवा पदवीची वर्षं टाळेबंदीत मोबाइलच्या पडद्यापुढेच गेली. त्या दोन मिनिटांत रील कापून, गाणं चढवून देतात. पण मोबाइल वापरता येणं आणि मोबाइलने अपूर्णांक शिकवता येणं यात बरंच अंतर आहे. शिवाय ज्यांना शिकवायचं ती मुलंही मागे नाहीत. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येत होता. अशा मुलांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हाती घेतला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. पडद्याचं अप्रूप वाटावं असा वर्ग आता माध्यमिक शाळेत फारसा उरलेला नाही. पडदा लागला की मुलं गप्प बसतात हे खरं, पण गप्प बसलेला वर्ग शिकतोच असं कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही.

म्हणून भावी शिक्षकाला तंत्रज्ञान शिकवायचं तर सुरुवात उलट्या टोकाने करावी. कोणत्या पाठाला पडदा बंद ठेवायचा आणि का, हे त्याला आधी सांगता यावं. ‘वापरला’ याला गुण देणारी पद्धत ‘कशासाठी वापरला’ हा प्रश्न विचारूच देत नाही, आणि प्रशिक्षणातली खरी खोट तिथे आहे.

वर्गात यंत्र आणण्याचा उत्साह काही आजचा नाही. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह आणि ‘इस्रो’ची यंत्रणा यांच्या जोरावर सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचली. शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम झाले आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षणही त्याच पडद्यावरून मिळालं. पुढे १९८४मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ आली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीला दूरदर्शनवरचे तिचे कार्यक्रम आठवतात. ही संस्था २०१७मध्ये पैशांअभावी बंद झाली. तीनच वर्षांनी करोना आला आणि मराठीतून शिकवणाऱ्या चित्रफिती कुठे मिळतील याची शोधाशोध सुरू झाली. तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका घेऊन एमकेसीएलचं नॉलेज फाउंडेशन पुढे आलं, हे बरं झालं. पण तीन दशकं मराठीत हेच काम करत आलेलं घर आपण ऐन गरजेच्या आधी मोडून बसलो होतो. यंत्र घ्यायला पैसे निघतात. त्यात घालायचा धडा लिहिणाऱ्या माणसांचा पगार मात्र दर वर्षी खुपतो.

परदेशातही वेगळं घडलं नाही. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही निकोलस नेग्रोपॉन्टे यांची कल्पना दोन हजारच्या दशकात जगभर गाजली. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६मध्ये तिला नकार दिला. तरी २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले आणि वर्तमानपत्रांतून फोटोही झळकले. पेरू देशाने मात्र धाडस केलं आणि आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या संशोधकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२मध्ये निष्कर्ष मांडला. गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांत फरक दिसला नव्हता. लॅपटॉप आले, पण शिक्षकाने दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात वेगळं काय करायचं हे ठरलेलंच नव्हतं.

याच्या उलट निकालही आहेत, आणि ते आपल्याच देशातले आहेत. बडोद्यात ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले आणि गुणांत ठसठशीत वाढ दिसली. दिल्लीत २०१५मध्ये माध्यमिक वर्गांतल्या मुलांना शाळा सुटल्यावर ‘माइंडस्पार्क’ ही संगणकप्रणाली वापरायला दिली. साडेचार महिन्यांनी ही मुलं इतरांच्या बरीच पुढे गेली होती, गणितात तर विशेषच. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास शिक्षणाच्या अर्थशास्त्रात आता पुन्हापुन्हा उद्धृत होतो. त्यातली एक बाब भावी शिक्षकाने टाचणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी आहे. सहावीतलं सरासरी मूल गणितात आपल्या इयत्तेच्या अडीच वर्षं मागे होतं आणि वर्ग जसजसा वर चढत गेला तसतशी ही दरी रुंदावत गेली. प्रणालीने केलं ते इतकंच की प्रत्येक मूल कुठे आहे ते ताडून तिथून त्याला शिकवायला घेतलं.

पण हे काम संगणकाशिवायही होतं. मुंबईत आणि बडोद्यात ‘प्रथम’ने वस्तीतल्याच मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमलं. मागे पडलेल्या मुलांना बाजूला घेऊन त्या त्यांच्या पातळीवरून वाचन-गणित शिकवत, आणि तिथेही मुलं सुधारली. म्हणजे दोन्हीकडे औषध एकच होतं. यंत्रापेक्षा ते कसं वापरलं हे महत्त्वाचं, यावर गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या शाळांवर झालेल्या अभ्यासाने तर शिक्काच मारला. तिथे संगणकाचा तास शिक्षिकेच्या तासाच्या जागी घातला तेव्हा मुलांचे गुण घसरले. तोच तास शाळेनंतर जादा दिला तेव्हा वाढले. यंत्र तेच, मुलंही तशाच घरांतली.

आता हे सगळं एका वजाबाकीवर आणून बघू. बावन्नातून सतरा वजा करायला सांगितले आणि मुलाने उत्तर लिहिलं पंचेचाळीस. घाईत असलेला शिक्षक लाल फुली मारतो, स्वस्तातलं अ‍ॅपही लाल फुली दाखवतं आणि वर रडका आवाज काढतं. पण पंचेचाळीस हे उत्तर उगाच आलेलं नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले, पाचातून एक काढला आणि पंचेचाळीस लिहून मोकळं झालं. त्याचा एक नियम आहे, तो त्याने प्रामाणिकपणे पाळलाय. नियमच चुकीचा आहे. हातच्याच्या वजाबाकीचा दहा मिनिटांचा ॲनिमेशनपट दाखवून हा नियम जात नाही. त्याच्या हातात दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या द्याव्या लागतात, एक गठ्ठा सोडायला लावावा लागतो. चांगली प्रणाली ही चूक ओळखते, हेही खरं. पण कोणती प्रणाली चांगली हे ओळखायला तरी शिक्षकाला ती चूक आधी माहीत असावी लागते.

पडदा खरोखर कामी येतो अशा जागाही आहेत, आणि तिथे तो न वापरणं हा मुलांवर अन्याय आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हे फळ्यावर दोन-तीन त्रिकोण काढून सांगता येतं. पण मुलाच्या मनात एक शंका राहते, ‘हे याच त्रिकोणांचं असेल.’ जिओजिब्रासारख्या फुकट मिळणाऱ्या साधनात एक शिरोबिंदू बोटाने ओढला की त्रिकोण लांबतो, आडवा होतो, सुळक्यासारखा उभा राहतो. तिन्ही कोन डोळ्यांदेखत बदलत राहतात आणि बेरीज जागची हलत नाही. शेकडो त्रिकोण अर्ध्या मिनिटात. हे खडूला जमणारं नाही.

मात्र इथेच एक गंमत दडलेली आहे. कोन पूर्ण अंशांत दाखवायची सोय चालू असेल तर पडद्यावर मधूनच ५०, ६० आणि ६९ असे आकडे येतात. बेरीज १७९! पहिल्या बाकावरची मुलगी हात वर करते आणि विचारते, ‘बाई, एक अंश कुठे गेला?’ पाठ तयार करताना छात्राध्यापिकेने शिरोबिंदू नुसताच ओढून पाहिला असेल, आकडे मिळवून पाहिले नसतील, तर ती गांगरते आणि ‘ते सॉफ्टवेअरचं आहे, तुम्ही १८०च लिहा’ म्हणते. तिने तयारी केली असेल तर ती दशांश स्थळं वाढवून दाखवते: ५०.४, ६०.४ आणि ६९.२. तिन्ही आकडे जवळच्या पूर्णांकात आणताना थोडं थोडं खाली आले आणि सगळं मिळून एक अंश सांडला. त्या एका प्रश्नातून भूमितीच्या तासाला आसन्न किमतीचा धडा होऊन जातो. पुढच्या वेळी तर ती मुद्दामच ही सोय चालू ठेवून वर्गाला कोड्यात पाडील. तंत्रज्ञानाची तयारी म्हणजे काय, याचं याहून साधं उदाहरण सापडणं कठीण आहे, आणि यात पीपीटीचा कुठेच संबंध आलेला नाही.

विजेच्या मंडलाचं मात्र उलट आहे. पडद्यावरच्या आभासी मंडलात तारा जोडल्या की दिवा हमखास लागतो. खऱ्या सेलला, खऱ्या तारेला आणि बॅटरीच्या बल्बला हात घातला की तो निम्म्या मुलांचा लागत नाही. तारेवरचं आवरण नीट सोललेलं नसतं, दोन सेल असतील तर त्यांतला एक उलटा बसलेला असतो, चिकटपट्टी मध्येच आलेली असते. ते शोधत बसणं म्हणजेच विज्ञान शिकणं. आधी खरी वस्तू आणि मग, विद्युतधारा डोळ्यांना दिसत नाही म्हणून, ती दाखवणारा पडदा, असा क्रम लावायला छात्राध्यापिकेला कोणी शिकवलं तर तिचे अर्धे प्रश्न सुटतील.

महाराष्ट्रात तंत्रज्ञानस्नेही शिक्षक म्हटलं की रणजितसिंह डिसले यांचं नाव येतंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत ते २००९मध्ये आले. पाठ्यपुस्तकाची भाषा आणि मुलांची घरची भाषा वेगळी, ही तिथली अडचण होती असं सांगितलं जातं.  त्यांनी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली आणि कविता, गोष्टी, चित्रफिती क्यूआर कोडमधून जोडून दिल्या. २०२०मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. मधल्या काळात राज्याच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले, पुढे देशभर पसरले.

हे चांगलंच झालं. पण व्यवस्थेने डिसले यांच्याकडून काय उचललं, हे नीट पाहण्यासारखं आहे. त्यांनी आधी मुलाला कोणती भाषा कळते ते शोधलं आणि मग कोड चिकटवला. शासनाने कोड उचलला. पुस्तकाच्या कोपऱ्यातला तो काळा चौकोन आज लाखो घरांत पोहोचला आहे. आपल्या वर्गातल्या मुलांची घरची भाषा कोणती, याची साधी नोंद किती शाळा ठेवतात? नंदुरबारात पावरी बोलणारं, मेळघाटात कोरकू बोलणारं मूल पहिलीत येतं, तेव्हा त्याच्या बाईंना त्या भाषेतली पन्नास वाक्यं ऐकवणारी एखादी ध्वनिफीत हाताशी असेल तर तिचा उपयोग दहा स्मार्ट टीव्हींपेक्षा अधिक होईल. ती त्या गावातल्याच आज्यांच्या आवाजात, बाईंच्याच मोबाइलवर तयार करता येते.

ग्रामीण शाळांचा विषय निघाला की ‘तिथे वीजच नसते’ हे वाक्य हमखास येतं. ते आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. ‘यू-डायस’ या शाळांच्या सरकारी माहितीकोशाच्या २०२४-२५च्या आकड्यांनुसार देशातल्या जवळपास ६५ टक्के शाळांत संगणक आहेत आणि ६३ टक्क्यांहून अधिक शाळांत इंटरनेट. उरलेल्या एक तृतीयांश शाळा विसरून चालणार नाही, पण शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याने एका आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळाही डिजिटल होऊ शकते हे दहा-बारा वर्षांपूर्वीच दाखवलं. त्यानंतर राज्यभर लोकवर्गणीची लाट आली. गावकऱ्यांनी, मुंबई-पुण्याला असलेल्या चाकरमान्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी पैसे घातले आणि शाळाशाळांतून प्रोजेक्टर, टॅब, मोठे टीव्ही आले. आज त्यांतले कित्येक कपाटात आहेत. वर्गणीतून वस्तू येते. तिचा दिवा गेला, बॅटरी फुगली, वीजबिल थकून मीटरच निघालं, तर त्यासाठी दुसऱ्यांदा वर्गणी मागायला मुख्याध्यापक धजावत नाहीत. दुरुस्तीच्या खर्चाचा स्वतंत्र मथळा शाळेच्या अनुदानात असावा, ही मागणी अगदीच रुक्ष असल्यामुळे कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात ती ऐकू येत नाही.

तंत्रज्ञानाची सगळ्यात जास्त निकड असलेली शाळा म्हणजे द्विशिक्षकी शाळा. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, पंचवीस-तीस मुलं. बाई पहिली-दुसरीला अक्षरं शिकवत असताना तिसरी-चौथीची मुलं फळ्यावरची उदाहरणं उतरवून घेतात आणि मग वाट बघतात. त्या वाट बघण्याच्या तासाला टॅबवरचा नीट निवडलेला सराव मिळाला तर तो शिक्षकाच्या जागी येत नाही, रिकाम्या वेळेच्या जागी येतो. गुजरातच्या अभ्यासातली जादा तासाची बाजू ती हीच. तरीही सराव पाठ बहुधा शहरातल्या किंवा तालुक्याच्या मोठ्या शाळेत, एका इयत्तेच्या एका तुकडीवर घेतले जातात. असा वर्ग छात्राध्यापिका प्रशिक्षणात सहसा बघतच नाही.

नोकरी लागल्यावर तिला तंत्रज्ञान भेटतं ते आणखी वेगळ्या रूपात. वर्गातला पडदा राहतो बाजूला, आधी खिशातला मोबाइल वाजतो. सरलची माहिती, यू-डायसची माहिती, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, ‘अपार’ क्रमांक, ऑनलाइन हजेरी, उपक्रमाचे फोटो आणि त्या फोटोंची लिंक. शिक्षकांच्या मोर्चांतून ‘आम्हाला शिकवू द्या’ ही घोषणा उमटते ती यातून. ज्या यंत्राने शिक्षकाचा वेळ वाचायचा, ते वेळ खातं आणि मग त्याच यंत्राने वर्गात चमत्कार करून दाखवावा अशी अपेक्षा ठेवली जाते. दिवसभर माहिती भरून थकलेल्या माणसाला संध्याकाळी उद्याच्या पाठासाठी चित्रफीत शोधायला सांगणं हा क्रूर विनोद आहे. एकच माहिती एकदाच मागायची, एवढी शिस्त शिक्षण विभागाने स्वतःला लावली तर तो राज्यातला सर्वांत मोठा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा प्रकल्प ठरेल.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवण्याचा, तोही २०२६-२७पासून, मनोदय जाहीर केला. केरळमध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०२४मध्येच ८० हजार शिक्षकांना एआय शिकवायला घेतलं. तिथे २००१पासून शाळांच्या संगणकांवर काम करणारी यंत्रणा आहे, मुक्त प्रणाली आहेत, शिक्षकच प्रशिक्षक आहेत. तो पाया आपल्याकडे नसताना आपण कळस चढवायला निघालो आहोत.

बी.एड. महाविद्यालयांत एआय कधीच पोहोचलाय, तोही कोणाला न विचारता. ‘इयत्ता सातवी, विज्ञान, ज्ञानरचनावादी पद्धतीने पाठ टाचण दे’ असं टाइप केलं की उद्दिष्टं, हेतुकथन, प्रस्तावनेचे प्रश्न, मूल्यमापन, गृहपाठ असं सगळं अर्ध्या मिनिटात हजर. प्राध्यापकांना याचा राग येतो. पण मागच्या तुकडीच्या वह्या आणि बाजारातली मार्गदर्शकं यांवरून टाचणं उतरवून घेण्याची परंपरा जुनीच आहे. आता फक्त हात दुखत नाही. टाचणात ‘विद्यार्थी कृती’ नावाचा स्तंभ असतो आणि त्यात वर्षानुवर्षं ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात’ असं लिहिलं जातं. ज्या मुलांना अजून पाहिलंही नाही ती लक्षपूर्वक ऐकतात हे आधीच ठरलेलं असतं, तेव्हा ते वाक्य माणसाने लिहिलं काय आणि यंत्राने लिहिलं काय. त्या स्तंभाऐवजी ‘या घटकात मुलं कुठे आणि कशी चुकतील’ असा स्तंभ घाला. पंचेचाळीसचं उत्तर, हरवलेला एक अंश, उलटा सेल हे त्यात आलं पाहिजे. यंत्राची मदत खुशाल घ्यावी. पण त्याने सांगितलेल्या चुका या शाळेतल्या, या मुलांच्या वह्यांत खरोखर सापडतात का, हे बघायला छात्राध्यापिकेला वर्गात जावंच लागेल.

यापेक्षा मोठी संधी मात्र तिच्या हातातच पडून आहे. सूक्ष्म अध्यापन ही पद्धत १९६३च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन यांनी सहकाऱ्यांसह घडवली. तिच्या मुळाशी चित्रमुद्रण होतं. भावी शिक्षकाने पाच-दहा मिनिटं मोजक्या मुलांना शिकवायचं, स्वतःचं शिकवणं पडद्यावर पाहायचं, आणि पुन्हा शिकवायचं. आपल्याकडे ही पद्धत आली तेव्हा कॅमेरा परवडणारा नव्हता. म्हणून सहा मिनिटं अध्यापन, सहा मिनिटं प्रत्याभरण, बारा मिनिटं पुनर्नियोजन आणि मग पुन्हा सहा-सहा मिनिटं, असं छत्तीस मिनिटांचं चक्र बसवलं गेलं. ते अजून चालू आहे. समोर सहावीची मुलं म्हणून बसलेल्या मैत्रिणी प्रत्येक प्रश्नाला शहाण्यासारखं अचूक उत्तर देतात आणि प्रत्याभरणात ‘आवाज स्पष्ट होता, फलक लेखन सुवाच्य होतं’ असं लिहून देतात. आज त्यांतल्या प्रत्येकीच्या पिशवीत कॅमेरा आहे. तो बाहेर निघतो पाठाचा फोटो काढून फाइलला लावण्यापुरता.

मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर दोन पुस्तकांना टेकवून ठेवावा आणि अख्खा पाठ चित्रित करावा. घरी तो पाहताना तिला कळेल की आपण प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाटच पाहत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने हे मोजलं होतं. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, नेहमी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. आपण फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोलतो, उजवीकडच्या रांगेला एकही प्रश्न जात नाही, चुकीच्या उत्तरावर आपला चेहरा कसा होतो, हे कोणत्याही निरीक्षकाच्या शेऱ्यात सापडणार नाही. कॅमेऱ्याचा रोख मात्र शिकवणाऱ्याकडे असावा. मुलांचे चेहरे टिपून गटागटांत फिरवण्याची सवय शाळांनी सोडायला हवी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

भरतीच्या व्यवस्थेला यातलं काही दिसत नाही, हेही नोंदवलं पाहिजे. पवित्र पोर्टलवरून मुलाखतीविना होणारी जिल्हा परिषदेची भरती अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. उमेदवार वर्गात उभी कशी राहते हे कोणी पाहतच नाही. वशिला टाळायला हा मार्ग निवडला गेला, त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे शिकवणं पाहण्याची, त्यावर बोलण्याची अखेरची जागा प्रशिक्षण महाविद्यालयच उरते, आणि तिथे आपण स्लाइड मोजत बसलो आहोत.

पाठांच्या अंतर्गत मूल्यमापनात दोन बदल लगेच करता येतील. छात्राध्यापिकेने आपल्याच एका सराव पाठाचं चित्रण आणावं, त्यातली पाच मिनिटं निरीक्षकांना दाखवावीत आणि आपलं कुठे चुकलं ते सांगावं. दुसरं, तिने एक पाठ पडद्यासह आणि एक पडद्याविना घ्यावा आणि दोन्हींची कारणं द्यावीत. कारण पटलं तर गुण, नाही पटलं तर नाही, मग पडदा लावलेला असो वा नसो. याला नवा प्रोजेक्टर लागत नाही की नवं अ‍ॅप. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची वाटही पाहायला नको. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हातात असतात, आणि सराव पाठांचं वेळापत्रक लागण्यापूर्वी प्राचार्यांनी निरीक्षकांची एक बैठक घेतली तरी येत्या सत्रापासून हे सुरू होऊ शकतं.